लांबची वाट आणि शेवटचा भिडू

बालमित्रांनो, कुंभिवली हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, कर्जत-खालापूरच्या मुलखात, सावरोलीहून खारपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. रायगड म्हटलं की तुम्हाला अलिबागचा समुद्र आठवतो ना? इथं मात्र समुद्र नाही, इथं डोंगर! पूर्वेला बोरघाटाची उंच भिंत, उत्तरेकडे माथेरानचा पसरट माथा आणि टोकदार इर्शाळगड, पश्चिमेच्या अंगाला माणिकगड. पावसाळा सरून आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं की या मुलखातले डोंगर अगदी हाताशी आल्यासारखे भासतात. वाटतं, न्याहारी करून निघावं आणि दुपारच्या जेवणाला घरी परत यावं!

पहिली फसगत होते ती इथंच, बरं का! दिवसभराच्या किंवा दोन दिवसांच्या पायी सफरीला पहिल्यांदाच निघणारी मंडळी बहुतेक त्याच त्या चुका करतात. त्या आधीच ठाऊक असल्या तर अर्धं काम झालं.

उदाहरणाला याच भागातली एक नामी वाट घेऊ. कुंभिवलीकरांनी खोपोली गाठायची, तिथून लोकलने कर्जत. कर्जतहून कोंदिवडे गावी जायचं आणि चालायला सुरुवात करायची. वाटेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेली कोंढाणे लेणी लागतात. तिथून चढत चढत राजमाचीच्या उधेवाडीत पोचायचं. या वाडीच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले आहेत. रात्री वाडीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सुमारे १६ किलोमीटर चालून लोणावळ्याला उतरायचं. आहे ना झकास बेत?

आता चुका पाहू.

नुसते किलोमीटर मोजणे

वर्गात मी मुलांना विचारते, "कोंदिवड्याहून राजमाची आणि राजमाचीहून लोणावळा, यात जास्त दमवणारी वाट कोणती?" सगळे एका सुरात ओरडतात, "लोणावळ्याची! ती लांब आहे!" पण कोंदिवड्याची वाट लांबीला बरीच कमी असली तरी चढ आहे तो सुमारे ६०० मीटरचा. स्कॉटलंडमधल्या विल्यम नाइस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब सांगितला होता. दर ५ किलोमीटरना एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे राजमाचीच्या नुसत्या चढासाठीच एक तास वाढला की नाही? शिवाय हा हिशेब सराईत मोठ्या माणसांचा, आणि विश्रांती न धरता केलेला. तुमच्याआमच्यासाठी तो दुपटीने धरलेला बरा. कागद-पेन्सिल घ्या आणि निघण्याआधी हे गणित घरीच सोडवा.

पाठीवर घर घेऊन निघणे

"असू दे, लागेल" असं म्हणत म्हणत पिशवी फुगत जाते. दोन स्वेटर, गोष्टींची पुस्तकं, बॅट-बॉल, खाऊचे पाच डबे! शाळेच्या दप्तराबद्दलच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणात म्हटलंय की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नसावं. शाळेच्या वाटेला जो नियम, तो डोंगराच्या वाटेला नको का? तुमचं वजन ३५ किलो असेल तर पाठीवर साडेतीन किलोच. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो झाले. उरले दीड किलो! त्यात एक कपड्यांचा जोड, टॉवेल, पातळ चादर, विजेरी, शिट्टी, भाकरी-चटणी आणि गूळ-शेंगदाणे एवढंच बसतं. आणि खरं सांगू? एवढंच लागतंही.

नवे कोरे बूट

सफरीसाठी खास नवे बूट आणले आणि तेच घालून निघालो, की दुपारपर्यंत टाचेला फोड आलाच म्हणून समजा. बूट निदान दोन-तीन आठवडे आधीपासून घालून चालावं. मोजे ओले झाले तर लगेच बदलावे. पायाला एखाद्या जागी हुळहुळलं की तिथंच थांबून चिकटपट्टी लावावी, फोड येण्याची वाट पाहू नये. पायाची नखं आदल्या दिवशीच कापावी. उतारावर बोटं बुटाच्या पुढच्या टोकावर आदळतात आणि वाढलेली नखं फार त्रास देतात.

"वाटेत पाणी मिळेलच की!"

खोपोलीजवळची पाताळगंगा भर मे महिन्यातही वाहताना दिसते. ती पाहून नवख्याला वाटतं, डोंगरातही असंच पाणी असणार. पण पाताळगंगेची गंमत वेगळी आहे. लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी मोठमोठ्या नळांतून खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात उतरतं, तिथं वीज तयार करतं आणि मग या नदीला मिळतं. १९१५ सालापासून हे चाललंय. डोंगरातल्या ओढ्यांना अशी मदत कोण करणार? काळ्या कातळात पाणी फारसं मुरत नाही, पावसाचं पाणी भरभर वाहून जातं आणि होळीपर्यंत बरेच ओढे कोरडे पडतात. म्हणून पाणी घरूनच न्यायचं. ते एकदम ढसाढसा पिऊन संपवायचं नाही आणि वाचवायचं म्हणून तहान मारायचीही नाही. थोड्या थोड्या वेळाने चार घोट घ्यावे. घाम फार आला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते प्यावं. चमचा मात्र चहाचा, हं! दुपारी १२ ते ३ सावलीत बसावं, आणि एप्रिल-मे महिन्यांत असा बेतच आखू नये.

वाट न विचारणे

डोंगरात जिकडे पाहावं तिकडे पायवाटा दिसतात. त्यातल्या कितीतरी असतात ढोरवाटा. गुरं चरत चरत जिथवर जातात तिथं त्या संपतात. अशा वेळी आदिवासी वाडीतल्या ठाकर-कातकरी मंडळींना, गुराख्यांना विचारावं. बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटातून मार्ग कसा काढावा हे इंग्रजांना कळेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखवली, अशी कथा या भागात सांगतात. मोठमोठे इंजिनिअर जिथं अडले तिथं धनगराला विचारावं लागलं, मग आपण विचारायला कसली लाज?

उशिरा निघणे आणि मागे न फिरणे

१८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा तळ चौक गावी होता. चौक आपल्या खालापूर तालुक्यातच आहे. एका संध्याकाळी तो सहज फिरत फिरत समोरचा डोंगर निम्म्यापर्यंत चढला. डोंगर त्याला आवडलाही. पण त्या संध्याकाळी तो तिथूनच परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या माहितगार माणसाला बरोबर घेऊन त्याने माथा गाठला. तो माथा म्हणजे माथेरान! इथल्या डोंगरी लोकांना तो आधीपासून ठाऊक होताच, इंग्रजांना तेव्हा कळला. माथ्यावर झाडी, हवा, सगळं दुसऱ्या दिवशीही तसंच होतं. निघतानाच ठरवून टाका, अमुक वाजता कुठंही असलो तरी परत फिरायचं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं.

पावसाच्या दिवसांत तर फारच जपायला हवं. इथं ऊन असतं, वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि घोट्याइतका ओढा बघता बघता कमरेइतका होतो. वाहत्या पाण्यात पाय घालू नये, पाणी ओसरायची वाट पाहावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत दरड कोसळून इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी गाडली गेली. अनेक माणसं गेली. कितीतरी गिर्यारोहकांनी याच वाडीत वाट विचारली होती, भाकरी खाल्ली होती. ज्यांनी जन्म त्या डोंगरात काढला त्यांच्यावरही ही वेळ आली. म्हणून हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चा नको.

सर्वांत मोठी चूक

ती म्हणजे पुढे पळणे. सकाळी सगळ्यांच्या अंगात जोर असतो. दोघंतिघं धावत पुढे जातात आणि ज्याला दम लागतो तो मागे पडतो. लाजेने तो काही बोलत नाही. पाणी प्यायला थांबत नाही, बुटातला खडा काढायला बसत नाही, आणि एखाद्या फाट्यावर भलतीच वाट धरतो. पुढच्यांना पत्ताही नसतो! डोंगरात मोबाईलला अनेकदा रेंज नसते, तेव्हा ११२ नंबरही लागेलच असं नाही. म्हणून सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावं आणि एका जाणत्या माणसाने सर्वांत मागे राहावं. प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजावी. मागून येणारा पोचला की लगेच उठून चालू लागू नये, त्यालाही बसून दम खाऊ द्यावा.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही थोडं सांगते. आधी चार रविवार सराव करा. पहिल्या रविवारी सपाट रस्त्याने ५ किलोमीटर, दुसऱ्या रविवारी तेवढंच पण पाठीवर पिशवी घेऊन, तिसऱ्या रविवारी जवळची एखादी टेकडी आणि चौथ्या रविवारी जेवण बरोबर घेऊन दिवसभर चालणं. जायची वाट, मुक्कामाचं ठिकाण आणि परतायची वेळ एका कागदावर लिहून घरी ठेवा. लहान मुलांबरोबर त्या वाटेची माहिती असलेला मोठा माणूस हवाच.

मग काय, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चालायला छान. राजमाचीला जा किंवा तुमच्या गावाजवळच्या एखाद्या डोंगरावर जा. आल्यावर आम्हाला पत्र लिहायला विसरू नका. सर्वांत आधी कोण पोचलं ते नाही लिहिलंत तरी चालेल, पण तुमचा शेवटचा भिडू किती वाजता पोचला आणि तोवर त्याच्यासाठी कोण थांबलं होतं, ते मात्र नक्की कळवा!