खर्ज

मे महिन्यात नातू पुण्याहून आठ दिवसांसाठी आला. पाठीवर जवळजवळ त्याच्याएवढी लांब काळी पिशवी. आमच्या मिरजेत कुणी वाद्य घेऊन स्टेशनाबाहेर आलं की रिक्षावाला फार चौकशी करत नाही. यालाही त्याने थेट सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं! पिशवीत अर्थात सतार नव्हती, चार तारांचं बास गिटार होतं.

त्यांच्यात गाणाऱ्या मित्राचा आवाज खालच्या पट्टीतला. म्हणून गाणी खाली उतरवायची ठरली. बासच्या तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी अशा लावतात. याला हव्या होत्या बी, ई, ए, डी.

"मग खुंट्या सैल कर की," मी म्हटलं. तंबोरा उतरवताना पाहिलेला, तेवढंच माझं ज्ञान.

त्याने करून दाखवलं. जाड तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागली. वाजवली तर नुसता फडफडाट. मग त्याने हिशोब सांगितला. जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, ती ३१ वर आणायची, म्हणजे पाऊणपट. पण ताण वर्गाच्या प्रमाणात घटतो. पाऊणचा वर्ग नऊ-सोळांश, म्हणजे ताण निम्म्याहून जेमतेम जास्त उरतो. मी मराठी माध्यमातली बी.ए., जन्मभर शुद्धलेखन घातलं, पण हे चटकन समजलं. खाली यायचं तर नुसतं सैल पडून चालत नाही, तारच जाड हवी.

त्याने पाच तारी बासचा संच आणला होता. त्यातली सर्वांत बारीक तार बाजूला ठेवून उरलेल्या चार घेतल्या. जुनी जाड तार २.७ मिलिमीटरची, नवी ३.३ची. ती खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचेत बसेना. मी बॅटरी धरली, तो बारीक कानशीने खाच रुंद करत बसला. खोल नाही करायची, फक्त रुंद. एकदा खोल गेली की भरून येत नाही म्हणे. (हे मुलांच्या बाबतीतही खरं आहे. वर्गात माझ्याकडून एक-दोन खाचा खोल गेल्या आहेत, त्या अजून आठवतात.)

सगळ्या तारांचा मिळून ताण थोडा कमी झाला, त्यामुळे मान जास्तच ताठ झाली आणि तारा पडद्यांना घासू लागल्या. मानेच्या आत पोलादी सळई असते, ती त्याने पाव फेरा सैल केली. मानेला अगदी किंचित बाक हवाच असतो, हे मला नवीन होतं.

मग तार वाजवून त्याने विचारलं, "आजी, चिरचिर गेली ना?"

"गेली," मी म्हटलं.

त्याने पुन्हा वाजवली. माझ्याकडे बघितलं. "आजी, अजून आहे की. चांगली मोठी आहे."

मी बॅटरी खाली ठेवली.

दोन वर्षं मी हेच करत आले होते. कळलं नाही की हसायचं, "हो का" म्हणायचं. सूनबाई सात म्हणाली की साठ, मला भेद कळेना. शुद्धलेखन घालणाऱ्या बाईला ऐकूच येत नाही, हे सांगायचं कसं? गेल्या वर्षी जाऊबाईंनी फोनवर त्यांच्या आजारपणाचं सांगितलं आणि मी "छान छान" म्हणाले. त्या अजून तुटक बोलतात. खरं कारण मी त्यांना सांगितलंच नाही.

नातू काही बोलला नाही. घोडीवरची तार जरा उचलली, बाराव्या पडद्यावर स्वर चढा येत होता म्हणून घोडी थोडी मागे घेतली. मग बासचं डोकं माझ्या लग्नातल्या सागवानी कपाटाला टेकवलं आणि म्हणाला, "दारावर हात ठेव."

ठेवला. त्याने बी छेडला. कपाट आतून हुंकारलं. तळव्यातून कोपरापर्यंत आला तो. तंबोऱ्याच्या खर्जाची आठवण झाली. वरचं गेलं तरी तळाचं शिल्लक आहे, हे कुणीतरी हाताला धरून सांगावं, तसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात कान तपासले. आलेख डावीकडे ठीक, उजवीकडे घसरगुंडी. खालचे स्वर बरे आहेत. 'स', 'श', 'फ' यांची सळसळ वरच्या पट्टीतली, तीच गेली आहे. वयाने असंच होतं. यंत्र घेतलंय. तेही एकदा घालून भागत नाही. तीनदा जाऊन जुळवून घेतलं, अजून एकदा जायचंय. पाव पाव फेराच म्हणायचा.

तेव्हा नातेवाईक मंडळी, एक विनंती. माझ्याशी ओरडून बोलू नका. ओरडलं की आवाज चढतो, आणि चढलेलंच मला कमी ऐकू येतं. समोर बसा, जरा खालच्या आवाजात, सावकाश बोला. मीही आता खोटं "हो" म्हणणार नाही.

आणि जाऊबाई, तुम्ही हे वाचत असाल तर, तो "छान छान" तुमच्या आजाराला नव्हता हो. उद्या येते. समोरासमोर बसू.