न्यायाधीशांची भूक

एकादशीच्या दिवशी उपवास करून आम्ही कोर्टात उभे राहिलो, की दुपारी एकच्या सुमारास आमच्याच युक्तिवादाचा आम्हांस कंटाळा येऊ लागतो. न्यायासनावरील माणसाचेही तसेच होत असेल काय? इस्रायलातील बेन-गुरियन व अमेरिकेतील कोलंबिया या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०११ साली हा प्रश्न चक्क मोजून पाहिला. इस्रायलातील कैद्यांच्या मुदतपूर्व सुटकेसंबंधीचे हजारांहून अधिक निर्णय त्यांनी तपासले. न्यायाधीश नुकतेच खाऊन बसले असता शेकडा सुमारे ६५ निकाल अनुकूल. सुटी जवळ येई तसतसे प्रमाण घसरत जवळजवळ शून्यावर. आणि फराळ होताच पुन्हा ६५!

हे वाचून आमची प्रकरणे दुपारच्या सुटीनंतर पुकारली जावीत, म्हणून आम्ही शिरस्तेदारांपाशी खटपट करू लागलो. (बरे, त्यात यशही येई.)

पुढे त्या निष्कर्षावर त्याच वर्षी निघालेली हरकत आमच्या वाचनात आली. ज्यांना वकील नव्हता, अशा कैद्यांची प्रकरणे बहुधा सुटीच्या तोंडाशी येत. मग नकाराचे कारण भूक की एकटेपण? मूळ संशोधकांनी आपले म्हणणे सोडले नाही.

आम्हांस मात्र दाराजवळचा बाक आठवला. आम्ही मागे सरलो, की तेथे कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्यांचा पुकारा होई. परवा तेथल्या एका वृद्ध बाईंचे कागद आम्ही मागून घेतले. मुदत उलटून चार दिवस झाले होते. विलंबमाफीचा अर्ज आम्ही बाकावरच लिहिला.