सूर्याच्या भुवया

इंदूर, कोजागरी पौर्णिमा

चि. बाळास,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आजीच्या डब्यातले चांदीचे रुपये दिवाळीआधी लख्ख करायचेत, काय लावू, असं विचारलंयस. काहीही लावू नकोस. हे पत्र वाचून होईपर्यंत तो डबा उघडूही नकोस.

त्यातला सूर्याचा रुपया तुला आठवतो का? तसाच एक माझ्या देवघरात आहे. दोन्ही मल्हारनगरच्या टांकसाळीतले, म्हणजे इथल्याच, इंदूरचे. एका बाजूला फारशीत शाहआलम बादशहाचं नाव, दुसरीकडे होळकरांचा सूर्य, डोळे-नाक-तोंड असलेला. बादशहा 1806 साली गेला, तरी पुढे कितीतरी वर्षं इथल्या रुपयांवर त्याचंच नाव पडत होतं. माझ्याकडचा रुपया आजीच्या पूजेतला. दर लक्ष्मीपूजनाला त्याला पंचामृताचं स्नान, हळदकुंकू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिंच लावून रांगोळीनं घासणं. अंगठ्याच्या पेरानं, गोल गोल, किती मायेनं घासायची ती! मी शेजारी बसून पाहायची. आज त्या सूर्याला नाक उरलेलं नाही. डोळ्यांच्या जागी सपाटी आहे आणि किरणं दिसत नाहीत, बोट फिरवलं तर जेमतेम लागतात.

तुझ्याकडचा ट्रंकेत, मलमलच्या चिंधीत राहिला. त्याला कुणी घासलं नाही, म्हणून तो काळा आहे. आणि म्हणूनच त्याच्या सूर्याला अजून भुवया आहेत.

तो काळेपणा मळ नव्हे रे. मळ बाहेरून येऊन बसतो. हा काळा थर नाण्याच्याच चांदीचा बनलेला असतो. हवेत गंधकाचे वायू असतात, चांदी त्यांना धरते आणि वरचा पातळसा पापुद्रा सिल्व्हर सल्फाइडचा होतो. आधी पिवळट, मग तांबूस, मग निळा-जांभळा, शेवटी काळा. तो घासून काढलास की त्यात गुंतलेली चांदीही जाते. खालची उघडी पडते, वर्षा-दोन वर्षांत तीही काळवंडते, आणि आपण पुन्हा रांगोळी घेऊन बसतो. राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सगळ्यांचं काम तेच. चांदी मऊ धातू आहे, बारीक कणही तिच्यावर ओरखडे काढतात.

आणि जातं काय, तेही बघ. हे रुपये हातानं पाडलेले. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे अक्षरं मुळातच कडेला अर्धी तुटलेली. साल आणि जुलूसचा, म्हणजे कारकिर्दीच्या वर्षाचा, आकडा कुठेतरी कोपऱ्यात तग धरून असतो. अहिल्याबाईंच्या काळातल्या महेश्वरच्या रुपयावर बेलाचं पान आणि शिवलिंग असतं. ते झिजलं तर तो महेश्वरचा हे ओळखायचं कशावरून? सराफांनी पारखताना मारलेल्या बारीक खुणासुद्धा मला पुसायच्या नाहीत. कुणाच्या कुणाच्या हातून तो रुपया फिरला, त्याची तेवढीच साक्ष आहे.

माझ्या हातूनही एक चूक झालीय. शिवाजीराव होळकर महाराजांचा पगडीवाला रुपया होता ना, यंत्रावर पाडलेला, संवत 1956 च्या सुमाराचा? कुणीतरी सांगितलं म्हणून मी वाडग्यात ॲल्युमिनियमचा कागद घातला, खायचा सोडा आणि कढत पाणी घालून त्यात तो बुडवला. मिनिटभरात काळेपणा गेला. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी मागे राहते, हे खरंच आहे. पण ती राहते भुसभुशीत, चुन्यासारखी पांढरी. ठशाच्या दाबानं धातू पसरतो तेव्हा त्याला जी एक फिरती चमक येते, ती पार मेली. ताटवाट्यांना हा उपाय एक वेळ चालेल, नाण्याला नाही. बुडवून काढायची तयार द्रावणं मिळतात, तीही नकोत; त्यात आम्ल असतं. बाजारातून उजळून आणायचा विचारही मनात आणू नकोस.

मग करायचं काय? बहुतेक रुपयांना काहीच नाही. ज्यांवर हळदकुंकवाचा, तेलाचा थर आहे तेवढेच धुवायचे. टेबलावर जाड टॉवेल पसर, नाणं हातातून निसटतंच. काठाला धर, तोंडावर बोट नको. घामातल्या मिठाचा ठसा पुढे काळा पडून कायमचा राहतो. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घे. आपल्या नळाला इथे नर्मदामाई येते, तुमच्याकडे गोदामाई. पण त्या पाण्यात क्लोरीन असतं आणि चांदीला ते सोसत नाही. तासभर भिजू दे, पाणी बदल. तेलकटपणा राहिलाच तर औषधाच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन, तेही काचेतच. नखांच्या पॉलिशचं नको. खिडक्या उघड्या ठेव, गॅस आणि समई दोन्ही बंद, ते झटकन पेट घेतं. नंतर पुन्हा पाणी, आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपून घे. टिपायचं, पुसायचं नाही. आधी दोन्ही बाजूंचे फोटो मात्र काढून ठेव.

काहींवर हिरवट चिकटा असेल. तुझ्या बाबांनी ते मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातले होते, ते पीव्हीसीचं. त्यातून आम्ल सुटतं आणि चांदीतलं तांबं हिरवं पडतं. तो चिकटा ॲसिटोननं जातो. पण कडक हिरवी पुटं किंवा मेणासारखा करडा थर दिसला, तर टोकरू नकोस. तू नाशकात राहतोस. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे दाखवून विचार. इथे काही अडलं की मी केंद्रीय संग्रहालयात जाऊन होळकरांच्या नाण्यांसमोर उभी राहते, तेवढ्यानंही पुष्कळ कळतं.

ठेवताना प्रत्येक रुपया वेगळा, पॉलिस्टरच्या पाकिटात. वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, लोकरी कापडात नको, आणि रबरबँड तर अजिबात नको. रबरात गंधक असतं, त्याचे काळे पट्टे नाण्यावर उमटतात. डब्यात सिलिका जेलची पुडी टाक, पावसाळ्याआधी बदल. स्वयंपाकघराशेजारच्या कपाटातून डबा आतल्या खोलीत हलव.

राहिला लक्ष्मीपूजनाचा प्रश्न. देवीपुढे काळा रुपया कसा ठेवायचा, हे तुझ्या आईचं म्हणणं मला पटतं. आजीचा रुपया पूजेचाच आहे. तिच्या बोटांनीच त्याचा सूर्य झिजला, आता त्याला पूजेतून उठवणं माझ्यानं होणार नाही. यंदा तो तुमच्याकडे. धनत्रयोदशीच्या आत मी स्वतः घेऊन येते. पंचामृत त्यालाच घालू, आणि नंतर नुसत्या पाण्यानं धुऊ.

तोवर एक काम कर. दिवसाउजेडी, खिडकीशी, काळा रुपया भिंगाखाली धर आणि कडेला जुलूसचा आकडा दिसतो का बघ. माझ्या रुपयावरचा मी लहानपणी पाहिला असेल, पण तेव्हा वाचता येत नव्हता, आणि आता तो तिथे नाही. दिसला तर जसा दिसतो तसा कागदावर काढून पाठव.

तुझी,
आत्या