सव्वा महिना

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत बाळंतिणीची खोली म्हणजे वेगळंच राज्य होतं. दाराला गोधडीचा पडदा, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी. कानाला फडकं बांधलेल्या लेकीच्या हातात अळिवाची खीर आयती यायची. "उठू नगंस, अंग अजून कच्चं हाय," ही आजीची ताकीद सव्वा महिना चालायची. ती माया आजच्या एसी खोलीत कुठली मिळायला!

पण त्याच दिवसांत एखादी धडधाकट बाळंतीण अचानक छातीला हात लावायची, तिला धाप लागायची आणि बघता बघता ती जायची. कुणी म्हणायचं बाहेरचं झालं, कुणी सुईणीला बोल लावायचं. चोर असायचा पायात. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदरपणी रक्त लवकर गोठतं. त्यात बाई नुसती पडून राहिली की पोटरीतल्या शिरेत गुठळी धरते. ती सुटली की हृदयातून जाऊन फुफ्फुसात अडकते. हा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सर्वाधिक. म्हणजे जपायचा काळ आजीनं अचूक हेरला होता, उपाय मात्र उलटा पडत होता.

अडलेली बाई मिरजेच्या मिशनमध्ये न्यायची, ही तेव्हाची रीत. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या त्या दवाखान्याचा केवढा आधार! पण जावळीच्या डोंगरातून झोळीनं रस्त्याला यायलाच अर्धा दिवस जायचा. शिवाय फुफ्फुसात गुठळी अडकण्याच्या या आजारात, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिननं जीव वाचतो, हे चाचणीतून दिसलं तेच १९६० साली.

आता सिझेरियन झालेल्या बाईला नर्स काही तासांत उठवून चालवते. जोखीम जास्त असेल तर पोटाच्या कातडीत हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. त्यानं अंगावर पाजायला आडकाठी येत नाही. धाप लागलीच तर ऑक्सिजन, इको, सीटी. आणि संशय बळकट असला तर रिपोर्टची वाट न पाहता हेपॅरिन सुरू. बीपी कोसळलं तर गुठळी विरघळवणारं औषध. ओल्या टाक्यांतून रक्तस्राव होईल ही धास्ती असतेच, पण तिथे जीव आधी.

तेव्हा लाडू आजीचेच असू द्या, चालण्याबाबत मात्र नर्सचं ऐका. आणि एकच पाय सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला तर शेगडी पेटवत बसू नका, १०८ला फोन लावा.