पर्वती उतरताना

पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद, ठेंगण्या, दगडी. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये येथे देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. हत्तीलाही चढता यावे अशा बेताने या पायऱ्या बांधल्या, असे पुणेकर आवर्जून सांगतात. पानिपताच्या आघाताने खचलेले नानासाहेब १७६१ साली याच टेकडीवर निवर्तले. आज त्याच पायऱ्यांवर सकाळी साठी-सत्तरीच्या मंडळींची वर्दळ असते.

वाचकहो, आपण कधी तेथे गेलात, तर देवदर्शन झाल्यावर कठड्यापाशी थोडे थांबा आणि उतरणाऱ्यांकडे पाहा. चढताना दम सर्वांनाच लागतो. उतरताना मात्र प्रत्येकाचे दुखणे निराळे दिसते. कोणी गुडघ्यावर हात ठेवून तिरके तिरके उतरते. तो झिजलेला गुडघा. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेला माणूस उतरताना फारसा अडत नाही. तो चढणीवरच पोटरी धरून थांबतो आणि नुसता उभा राहिला तरी दोन मिनिटांत बरा होतो. तिसरा प्रकार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हे गृहस्थ किंचित वाकून, विनातक्रार वर पोहोचलेले असतात. पण उतरताना वीस-तीस पायऱ्यांतच त्यांच्या मांड्या भरून येतात, पायांत मुंग्या येतात आणि ते पायरीवर बसकण मारतात. बसले की बरे. उठून थोडे उतरले की पुन्हा तेच.

माझ्याकडे येणाऱ्या अशाच एका निवृत्त शिक्षकांना त्यांचा मुलगा म्हणत असे, “बाबा, चढून जाता आणि उतरताना पाय दुखतात, हे कसे?” त्यांना ते उत्तर देता येत नव्हते. हळूहळू त्यांनी फिरणेच सोडले, आणि घरात ‘बाबा आता आळशी झाले’ असे बोलले जाऊ लागले. या शब्दाने त्या माणसाला पायांपेक्षा अधिक दुखवले होते.

उत्तर कण्यात आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याखाली नसांचा झुबका घोड्याच्या शेपटासारखा कण्याच्या नलिकेत लोंबत असतो. वयानुसार गादी झिजते, सांधे फुगतात, मणक्यांना जोडणारा पिवळसर बंध जाड होतो आणि नलिका अरुंद होते. यालाच स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. पुढे वाकले की हा बंध ताणला जाऊन नलिका थोडी मोकळी होते. पाठ ताठ किंवा मागे झुकली की तो आत दुमडतो आणि नसा दाबतो. चढताना आपण पुढे झुकतो, उतरताना तोल सावरण्यासाठी मागे रेलतो. म्हणूनच असा मनुष्य सायकल सुखाने चालवतो, भाजीच्या ढकलगाडीवर रेलून दूरवर चालतो. पण बँकेच्या रांगेत दहा मिनिटे उभा राहू शकत नाही. उट्रेख्टचे शल्यचिकित्सक हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले.

आता शस्त्रक्रियेविषयी. मी शल्यविशारद नाही. पण ‘डीकॉम्प्रेशन सांगितले आहे, करू का?’ हा प्रश्न घेऊन कुटुंबे आधी माझ्यासारख्याकडेच येतात. या शस्त्रक्रियेत मणक्याच्या मागील कमानीचा थोडा भाग आणि जाड झालेला बंध काढून नसांना जागा करून देतात. त्यामुळे सुधारते ते प्रामुख्याने पायांचे दुखणे आणि चालण्याचे अंतर. कंबरदुखीचा भरवसा देता येत नाही, आणि जुना बधिरपणा पुष्कळदा मागे राहतो. मणक्यांत स्क्रू-सळ्या बसवण्याचा सल्ला मिळाला, तर त्याचे कारण अवश्य विचारा. स्वीडनमधील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसत्या डीकॉम्प्रेशनच्या तुलनेत मणके जोडल्याने अधिक लाभ दिसला नाही. मणका अस्थिर असेल तेव्हा गोष्ट वेगळी असू शकते.

केवळ एमआरआयच्या अहवालावरून तर मुळीच निर्णय घेऊ नये. पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साठीपुढील २१ टक्के लोकांत नलिका अरुंद आढळली होती. कागदावरची ‘नस दबली आहे’ ही ओळ वाचून भेदरलेली माणसे मी नेहमी पाहतो. खरे माप पायांत असते: न बसता किती चालता येते, किती वेळ उभे राहता येते. ते आठवडाभर वहीत लिहा. बहुतेकांचा आजार अनेक वर्षे फारसा बदलत नाही. व्यायाम आणि औषधे करून पाहण्यास सवड असते. आमच्या शिक्षकांनी आठ महिने तसे केले. मग दुधाच्या केंद्रापर्यंतही जाववेना, तेव्हा मधुमेह आटोक्यात आणून, रक्त पातळ करण्याच्या गोळीविषयी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, शस्त्रक्रिया करवून घेतली. आता ते पर्वती एकदाच बसून उतरतात. तळव्यांची बधिरता तशीच आहे.

मात्र एका प्रसंगी सवड नसते. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा गेला, बसण्याच्या जागी व जांघेत बधिरपणा आला किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. वृद्ध पुरुषांत अडलेली लघवी प्रोस्टेटच्या खात्यावर टाकली जाते आणि दिवस वाया जातो. वडील संकोचाने सांगणार नाहीत, आई तर नाहीच नाही. तेव्हा कंबर-पाय दुखत असतील, तर हा प्रश्न आपणच, नेमक्या शब्दांत, विचारा.