पॅरिसच्या पेठेंतील एक धडा

प्रवासवर्णन म्हटलें कीं राजवाडे, पुतळे, उद्यानें आणि चित्रशाळा यांची यादी वाचकांपुढें मांडावी, असा प्रघात पडला आहे. पॅरिस नगरीची तशी यादी देणारे अधिकारी लेखक आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. त्यांत आम्हीं भर घालण्याचें प्रयोजन नाहीं. गेल्या वैशाखांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तीन आठवडे त्या नगरींत राहिलों. लुव्ह्रचा चित्रसंग्रह पाहिला, आयफेलच्या मनोऱ्यावरही जाऊन आलों. परंतु उतारवयांत ज्या प्रसंगानें आम्हांस कांहीं नवें शिकविलें, तो एका दुकानांत घडला. तो जसा घडला तसा येथें सांगतों.

त्याचें मूळ आमच्या थोरल्या वहिनींपाशीं आहे. आम्हां चार भावांचें एकत्र कुटुंब त्यांनीं पन्नास वर्षें सांभाळलें. कार्तिकांत त्यांचें सहस्रचंद्रदर्शन व्हावयाचें होतें. त्या निमित्त घरांतील सर्वांनीं, अगदीं मुलांनींही आपले खाऊचे पैसे घालून, वर्गणी जमविली आणि तिचे तीनशें युरो करून आमच्या हातीं दिले. वहिनींना थंडी फार बाधते. तेव्हां कान बांधतां येतील असा पॅरिसचा उत्तम रेशमी रुमाल आणावा, असें सर्वानुमतें ठरलें. त्या पैशांत कोणाचे किती होते हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून तें पाकीट आम्ही छातीशीं धरूनच हिंडत होतों.

एके सकाळीं त्विलरीच्या उद्यानांतून निघून, रिव्होली व कास्तिग्लिओने या रस्त्यांवरील कमानींखालून चालत आम्ही प्लास व्हाँडोम या चौकांत आलों. चौदाव्या लुई राजाच्या वेळीं आर्दुआँ-मान्सार या स्थपतीनें आंखलेला हा अष्टकोनी चौक. भोंवतालच्या इमारतींचीं दर्शनी अंगें एकाच घडणीचीं असल्यामुळें सगळा चौक म्हणजे एकाच वाड्याचें अंगण वाटतें. मध्यभागीं नेपोलियननें उभारलेला सुमारें ४४ मीटर उंचीचा स्तंभ आहे; १८०५ सालच्या ऑस्टर्लिट्झच्या लढाईंत पाडाव केलेल्या तोफा वितळवून त्याचा पत्रा ओतला, असें सांगतात. १८७१ सालच्या कम्यूनच्या बंडांत लोकांनीं हा स्तंभ पाडला आणि पुढें थोड्याच वर्षांत तो पुन्हां उभा राहिला. आज चौकाभोंवतीं जवाहिऱ्यांच्या पेढ्या आहेत. त्यांपैकीं शोमे ही पेढी १९०७ पासून येथें आहे. इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनीं १९१३ सालीं याच पेढीकडून नासपतीच्या आकाराचे, प्रत्येकीं सुमारें ४७ कॅरट वजनाचे दोन हिरे खरेदी केले होते. मराठी माणसासाठीं या चौकाचीं दारें शंभरावर वर्षांपूर्वींच उघडलीं होतीं, या विचारानें आम्हांस उगाच थोडी ऐट आली.

तेथून जवळच्या एका रस्त्यावर रुमालांसाठीं नांवाजलेलें एक दुकान आहे, असें कोणी सांगितलें होतें. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. काळ्या पोशाखांतील दरवानानें दार उघडलें. आंत देवघरासारखी शांतता. एवढ्या मोठ्या दालनांत माल थोडा आणि उजेड फार. आम्ही थेट कांचेच्या मेजापाशीं गेलों, वर ठेवलेला निळा रुमाल उचलला, बोटांनीं पोत पाहिला आणि इंग्रजींत किंमत विचारली. मेजामागील तरुण बाईनें प्रथम आमच्या मंडळींच्या लुगड्याकडे पाहिलें, मग लुगड्याखालच्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलें. आमच्याकडे पाहिलेंच नाहीं. आमच्या हातांतून रुमाल काढून घेतला, घडी करून जागच्या जागीं ठेवला, आणि "चारशें नव्वद. अत्तरें पलीकडे आहेत, तीं स्वस्त पडतात," एवढें बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आम्हांस संताप आला. अडीअडचणीस असावें म्हणून पुतण्यानें आपलें बँकेचें कार्ड आमच्याजवळ दिलें होतें. "दोन बांधून द्या!" असे शब्द अगदीं ओंठांशीं आले. तोंच मंडळींनीं आमची बाही ओढली आणि त्या हलक्या आवाजांत म्हणाल्या, "अहो, वहिनींना रुमाल हवा आहे. या बाईला धडा शिकविण्यासाठीं मुलांनीं पैसे दिले नाहींत." आम्ही निमूट बाहेर पडलों. जातांना दरवान निरोपाचें कांहीं बोलला. आम्हीं त्यासही उत्तर दिलें नाहीं.

रात्रीं जेवतांना पुतण्यास ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "काका, आंत गेल्यावर तुम्ही प्रथम बोंजूर म्हणालांत का?"

"आम्ही काय पाहुणचारास गेलों होतों? किंमत विचारावयास गेलों होतों."

"तेंच चुकलें. इकडे दुकान म्हणजे त्या माणसाचें घर समजतात. आंत शिरतांना 'बोंजूर, मादाम', निघतांना 'मेर्सी, ओ रव्हार'. यावांचून नुसता प्रश्न केला, तर हुकूम सोडल्यासारखा वाटतो. आणि मेजावरचा माल आपण उचलूं नये, दाखवा म्हणावें."

यावर सूनबाई म्हणाली, "तें सगळें खरें, पण काकूंच्या बुटांकडे पाहण्याचा बोंजूरशीं कांहीं संबंध नाहीं."

दोघांचेंही म्हणणें खरें होतें. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, ती पुतण्याच्या बोलण्यामुळें. आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत शिकविलें. "आंत येऊं का?" असें न विचारतां वर्गांत शिरणाऱ्या मुलास आम्ही पुन्हां दाराबाहेर उभें करीत असूं. एका वर्षीं खेड्यांतून नवीन आलेला एक मुलगा तसाच आंत आला. त्याच्या गांवची शाळा देवळाच्या ओंवरींत भरे, तिला दारच नव्हतें, हें आम्हांस मागाहून कळलें. त्याच्या अनवाणी, धुळीनें भरलेल्या पायांकडे पाहून आम्ही कांहीं बोललों, वर्ग हंसला, मुलगा आठ दिवस शाळेंत आला नाहीं. नियम आमचा बरोबर होता. परंतु तो त्यास कोणीं सांगितला नव्हता, आणि आमची नजर नियमाकडे नव्हती, पायांकडे होती. मग ती बाई आणि आम्ही यांत अंतर तें काय?

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आम्हांस सेन नदीपलीकडील 'बाँ मार्शे' या दुकानाची वाट दाखविली. दुकानदारीच्या इतिहासांत या दुकानास मोठें स्थान आहे. एका टोप्या करणाराचा मुलगा आरिस्तीद बुसिको हा १८५२ सालीं त्यांत भागीदार झाला. त्या काळीं पुष्कळ दुकानांत किंमत घासाघीस करून ठरे, आणि आंत शिरलेल्या माणसानें कांहीं न घेतां निघणें बरें दिसत नसे. बुसिकोनें प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिली. नफा थोडा व खप मोठा हें धोरण धरिलें. कोणींही यावें, पाहावें, न घेतां जावें, अशी मोकळीक दिली. आणि न आवडलेला माल परत घेण्याची सोय केली. या गोष्टी त्याच्या आधींही तुरळक कोठें कोठें होत्या. त्यानें त्या एकत्र आणून मोठ्या प्रमाणावर चालविल्या. १८७६ सालीं त्यानें नोकरांसाठीं निर्वाहनिधि काढला. एमिल झोलाची १८८३ सालीं प्रसिद्ध झालेली दुकानावरील कादंबरी बव्हंशीं याच दुकानाच्या निरीक्षणावरून लिहिलेली आहे. आज तें स्वतःच उंची मालाचें दुकान बनलें आहे. बुसिकोनें सामान्य माणसास फुकट आंत येण्याचा हक्क दिला. परंतु बोंजूर म्हणण्याचें कर्तव्य मात्र काढून घेतलें नाहीं, हें आम्हांस आतां समजलें होतें.

रुमालांच्या विभागांत पन्नाशीच्या एक बाई होत्या. आम्हीं हात मागें बांधले आणि धडा म्हणावयास उभ्या राहिलेल्या मुलाप्रमाणें "बोंजूर, मादाम" असा उच्चार केला. त्यांनीं हंसून उत्तर दिलें. मग आम्हीं कागदावर ३०० हा आंकडा लिहून दाखविला आणि ऐंशीं वर्षांच्या वहिनींचे कान बांधण्यास रुमाल हवा, असें थोडें इंग्रजींत व थोडें खुणांनीं सांगितलें. बाईंनीं चार रुमाल पसरले. त्यांतला एक आमच्या मंडळींच्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखालीं बांधून दाखविला, आणि लुगड्याच्या कांठाकडे बोट करून 'सुंदर' अशा अर्थाचें कांहीं म्हणाल्या. रुमाल एकशें ऐंशीं युरोंस मिळाला. उरलेल्या पैशांत मुलांसाठीं खाऊ आला.

प्रवासास निघणाऱ्या वाचकांस यावरून थोडें सांगावेंसें वाटतें. अशा दुकानांत एक नोकर एका वेळीं एकाच गिऱ्हाइकाकडे पाहतो आणि कित्येक ठिकाणीं थोड्याच माणसांस आंत घेतात. म्हणून दारांत थांबावें लागलें तर तो अपमान समजूं नये. आंत जातांच नमस्काराचा शब्द बोलावा, मालास हात लावण्यापूर्वीं विचारावें, आणि आपल्याजवळ किती पैसे आहेत हें सांगण्यास मुळींच लाजूं नये. इतकें करूनही कोणी तुच्छतेनें वागला, तर दुसऱ्या नोकरास बोलवावें. तेंही न साधलें, तर निरोपाचा शब्द बोलून निघावें, आणि वाटल्यास दिवस व वेळ नमूद करून दुकानाच्या प्रमुखास पत्र लिहावें.

रागाच्या भरांत खरेदी मात्र करूं नये. २०१४ सालीं मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल या दोघां अभ्यासकांनीं याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. उंची दुकानांतील नोकरानें झिडकारलें असतां, त्या दुकानच्या मालाची ज्यांस आधींपासून हांव असते, त्यांची घेण्याची इच्छा कमी न होतां उलट वाढते, असें त्यांस आढळलें. आणि ती इच्छा पुढें टिकत नाहीं, असेंही आढळलें. म्हणजे अपमान विसरला जातो आणि घरीं येतें तें केवळ बिल. विद्वानांनीं प्रयोगांनीं जें दाखविलें, तें आमच्या मंडळींनीं एका बाही ओढण्यानें साधलें होतें.

घरीं बसलेल्या वाचकांनींही फ्रेंचांस हंसूं नये. आमच्या पुण्यांतील दुकानदारांच्या तुटक उत्तरांच्या गोष्टी साऱ्या महाराष्ट्रांत सांगतात, आणि आम्ही पुणेकर त्या कौतुकानें ऐकतों. आमच्याकडे निदान सर्वांस सारखेंच उत्तर मिळतें, असेंही आम्ही म्हणत आलों. परंतु घरीं धुणींभांडीं करणारी बाई लेकीसाठीं साडी घेण्यास आली कीं गादीवर कोणता गठ्ठा सुटतो, आणि डॉक्टरीणबाई आल्या कीं कोणता, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें. संस्कृतांत 'आपण' म्हणजे बाजार, दुकान. मराठींत 'आपण' हें आदराचें संबोधन. दोहोंची व्युत्पत्ति अगदीं निराळी, हें आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं बजावीत असूं. व्युत्पत्ति निराळी खरी; पण दोघांनीं एका ठिकाणीं नांदण्यास आमची कांहीं हरकत नाहीं.

कार्तिकांत सहस्रचंद्रदर्शन यथासांग पार पडलें. वहिनींनीं रुमाल कानांवरून बांधला, किंमत विचारली, "एवढ्यांत दोन शाली आल्या असत्या" म्हणाल्या, आणि रात्रीं निजेपर्यंत तो सोडला नाहीं.

तो खेड्यांतला मुलगा आतां चाळिशीच्या पुढें गेला असेल. त्याचें गांव आमच्या लक्षांत आहे. थंडी ओसरली कीं एकदां तिकडे जावें, त्याच्या घराच्या उंबरठ्याबाहेर उभें राहावें, आणि "आंत येऊं का?" असें विचारावें, असा आमचा बेत आहे.