घरापुरता शाळू

कृषी खात्याच्या खरीप-रब्बीच्या तक्त्यात न सापडणारी पिकांची एक वाटणी कवठे महांकाळच्या परिसरात रूढ आहे. द्राक्ष बाजाराचे, ऊस कारखान्याचा आणि दूध डेअरीचे. मात्र रानाच्या एखाद्या पट्टीत पेरलेला शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, त्याच्या कडेची करडई, माळाच्या तुकड्यातली मटकी आणि हुलगा यांच्याविषयी बोलताना ‘घरापुरता’ हा शब्द येतो. घरापुरते म्हणजे भाव पाहून न विकता पोत्यांत भरून ठेवायचे आणि वर्षभर खायचे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांवर उपाय म्हणून आज जो आहार शहरी दवाखान्यांतून आणि पुस्तकांतून सुचवला जातो, त्याची यादी वाचली तर तिच्यातील बरेचसे पदार्थ या घरापुरत्या पिकांतूनच होतात असे दिसते. ज्या भागाने हे अन्न गेल्या दोन-तीन पिढ्यांत हळूहळू, आणि बऱ्याच अंशी समाधानाने, मागे टाकले, त्याच भागाला ते आरोग्याच्या नावाने पुन्हा शिकवले जात असेल, तर गेलेले अन्न आणि परत येणारे अन्न एकच आहे काय, हा प्रश्न तपासण्याजोगा ठरतो.

‘होल फूड प्लांट बेस्ड’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या आहारपद्धतीला मराठीत अद्याप एक ठाम नाव रुळलेले नाही; ‘अखंड वनस्पतीजन्य आहार’ असे तिला म्हणता येईल. त्यातील ‘वनस्पतीजन्य’ हा भाग टी. कॉलिन कॅम्पबेल या अमेरिकी पोषणशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास प्रचारात आणला. हे कॅम्पबेल स्वतः दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेले होते, ही गोष्ट दुधावर संसार चालवणाऱ्या सांगली जिल्ह्यात विशेष लक्षात राहावी. परंतु केवळ वनस्पतीजन्य म्हटले की साखर, मैदा आणि रिफाइंड तेलही त्या व्याख्येत निमूट बसतात, म्हणून ‘अखंड’ हे विशेषण आवश्यक झाले. धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात : बाहेरचा कोंडा, कोंब फुटतो तो अंकुर आणि आतला पिठाळ गाभा. तंतू मुख्यतः कोंड्यात, स्निग्धांश आणि अनेक जीवनसत्त्वे अंकुरात, तर गाभ्यात प्रामुख्याने स्टार्च असतो. दळल्याने दाणा फुटतो, पण त्याचे अखंडपण जात नाही. ते जाते कोंडा आणि अंकुर काढून टाकल्याने. या कसोटीवर एकादशीचे ताट मोठे बोलके ठरते, कारण त्यातील वरई हे धान्य आहे, तर साबुदाणा हा कसाव्याच्या कंदातून वेगळा काढलेल्या स्टार्चचा दाणा आहे. दोन्ही शाकाहारी आणि दोन्ही उपवासाला चालणारे, पण पोषणाच्या दृष्टीने त्यांची जात एक नव्हे. शाकाहार म्हणजे आरोग्य ही समजूत इथेच सैल पडते.

कवठे महांकाळ हा कृष्णाकाठच्या हिरव्या पट्ट्यापासून फार दूर नसलेला, तरीही पर्जन्यछायेत सापडलेला तालुका असून सांगलीच्या या पूर्व भागात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात धरून ठेवायची, हस्ताच्या आगेमागे शाळू पेरायचा आणि पुढे थंडी व दव यांच्या भरवशावर तो पिकवायचा, ही या कोरडवाहू शेतीची रीत. शाळूच्या कडेने काटेरी करडई पेरली की जनावर आत शिरत नाही आणि घरच्या तेलाचीही सोय होते. शेजारच्या तुकड्यात हरभरा असतो, बाजरीच्या रानात तूर आणि मटकी असते, आणि पाऊस फारच लांबला तर हलक्या जमिनीत निदान हुलगा तरी साधतो. म्हणजे ताटाची मांडणी स्वयंपाकघरात होण्यापूर्वी पेरणीतच झालेली असे. पोषणशास्त्र या मांडणीला दुजोरा देते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर सडून पांढऱ्या केलेल्या तांदळात ते ३ ग्रॅमही भरत नाहीत. हुलग्यात प्रथिने २० टक्क्यांहून अधिक असतात. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी लायसिन ज्वारीत कमी आणि डाळी-कडधान्यांत भरपूर असल्याने भाकरी आणि आमटी मिळून ते प्रथिन पुरे होते, जे दोघींपैकी एकटीला साधत नाही.

या अन्नाचा संस्कार केवळ शिजवण्याचा नव्हता. मटकीला मोड आणणे, पीठ आंबवून अंबील करणे, हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे करणे, हरभऱ्याचा कोवळा पाला कांदा, मिरची आणि दाण्याच्या कुटाबरोबर कच्चाच कालवून त्याचा घोळाणा करणे, या रीतींना पोषणाची बाजू आहे. धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचे द्रव्य असते आणि ते लोह व जस्त यांना धरून ठेवून शरीरात शोषू देत नाही. मोड आणण्याने व आंबवण्याने ते कमी होते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, राळ्याचा भात आणि पावटा, घेवडा, गाजर, वांगे, हरभरा यांची मिसळीची भाजी असे जे ताट वाढले जाते, ते अखंड वनस्पतीजन्य आहाराचा नमुना म्हणून कोणत्याही ग्रंथात छापता येईल. भाकरीवरचा लोण्याचा गोळा तेवढा त्या ग्रंथाला मान्य होणार नाही. मात्र या भागाला शाकाहारी ठरवण्याची घाई करू नये. तालुक्यातील आरेवाडीच्या बनात धनगरांचा बिरोबा आहे आणि खारा नैवेद्य ही इथल्या लोकाचारातील जुनी गोष्ट आहे. दुसरीकडे पंढरीची वाटही याच मुलखातून जाते आणि माळकरी घरात मटण शिजत नाही. रोजच्या ताटात मांस नसे ते बहुतेक घरांत तत्त्वामुळे नव्हे, तर ते परवडत नसे म्हणून. जत्रा, पाहुणा किंवा नवस हेच त्याचे निमित्त.

इथे जुन्या आहाराचे गोडवे गाणाऱ्यांनी थांबले पाहिजे. दख्खनच्या पठारावर ज्यांच्या वाट्याला ज्वारीखेरीज फारसे काही येत नसे, अशा गरीब मजुरांत पेलाग्रा हा त्वचा, पचन आणि मन तिन्हींवर आघात करणारा रोग दिसून येई. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा हा रोग तोवर मका खाणाऱ्यांचा मानला जात असे. ज्वारीतील ल्युसिन या ॲमिनो आम्लाचे आधिक्य नायसिनच्या कार्यात अडथळा आणत असावे, असे प्रतिपादन हैदराबाद येथील संशोधक सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली केले. तीच ज्वारी डाळ, शेंगदाणे आणि पालेभाज्या यांच्या सोबतीने खाणाऱ्यांना सहसा हा त्रास होत नसे. याचा अर्थ असा की अखंड वनस्पतीजन्य अन्नाने आरोग्य मिळते हे विधान अपुरे आहे. ताटात किती जिन्नस आहेत यावर ते अवलंबून असते, आणि दुष्काळात सर्वांत आधी ताटातून जातात ते सोबतीचेच जिन्नस. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना पुढे रेशनचा गहू-तांदूळ आणि पाहुण्यांपुरती नसलेली, रोजची चपाती ही सुटका वाटली असल्यास तिला अज्ञान म्हणणे हा अन्याय होय. पांढरा भात हे या भागात केवळ अन्न नव्हते, बरे दिवस आल्याची ती खूण होती.

अखंड अन्नाचा आग्रह महाराष्ट्राला पश्चिमेकडून प्रथम समजला असेही नाही. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या चिटणीसपदाखाली त्याने हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे कोंड्यासह पीठ, गूळ आणि घाणीचे तेल यांचा प्रचार केला. या वस्तूंत पोषण टिकते आणि गावाचा रोजगारही टिकतो, ही त्यामागची दुहेरी भूमिका होती. विचार म्हणून तो भक्कम होता, पण त्यात ज्यांचे हात गृहीत धरले होते त्या बायकांना पहाटेच्या जात्यापासून पिठाच्या गिरणीने सोडवले, आणि त्या गिरणीला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत. आजही ‘पुन्हा भाकरीकडे वळा’ असे सहज म्हटले जाते तेव्हा गरम पाण्यात पीठ मळून, परातीत एकेक भाकरी थापून, तव्यावर पाणी फिरवून ती कोण भाजणार, याचे उत्तर बहुतेक घरांत न विचारताच ठरलेले असते. ज्या आहारबदलाचे श्रेय एकाला आणि श्रम दुसरीला मिळतात, तो बदल फार दिवस टिकत नाही.

तरीही बदलाची गरज नाकारता येत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोक १३ कोटी ६० लाख आहेत. आणि हा रोग आता शहरापुरता राहिलेला नाही. मोटेवरचे, खुरप्यावरचे आणि पायी चालण्याचे श्रम कमी झाले, त्याच काळात साखरेचा चहा, बेकरीची खारी आणि पिशवीतले तेल घरोघर पोहोचले, त्यामुळे पूर्वी मिष्टान्न म्हणून होणारे पदार्थ नित्याचे झाले. अखंड वनस्पतीजन्य आहार इथे उपयोगी पडतो, कारण तंतूंमुळे पोट लवकर भरते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. १९९० साली डीन ऑर्निश यांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडलेल्या प्रयोगात अत्यल्प स्निग्धांशाच्या शाकाहारी आहारावर ठेवलेल्या हृदयरुग्णांच्या रोहिण्यांतील अडथळे वर्षभरात किंचित मागे हटल्याचे दिसले. मात्र त्या रुग्णांनी धूम्रपान सोडले होते, व्यायाम आणि मनाच्या विश्रांतीचा अभ्यासही चालवला होता, तेव्हा सारे श्रेय ताटाला देता येत नाही. शिवाय मधुमेहाची औषधे चालू असताना आहार एकाएकी बदलला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून हा पालट वैद्याच्या सल्ल्यानेच व्हावा.

सर्वांत नाजूक प्रश्न दुधाचा आहे. मराठीने ‘पूर्णान्न’ ही पदवी दुधाला कधीच देऊन टाकली आहे, आणि काटेकोर वनस्पतीजन्य आहारात नेमके तेच वर्ज्य आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व मुळात सूक्ष्मजीव तयार करतात आणि ते माणसाला प्राणिज पदार्थांतूनच भरवशाने मिळते. त्याच्या अभावाने रक्तक्षय होतो आणि मज्जातंतूंना इजा पोहोचते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ ची पातळी कमी आढळली, आणि हे प्रमाण शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के होते. ज्या समाजात दूध पिऊनही ही स्थिती आहे, तिथे दूध सोडणाऱ्याने ब-१२ ची गोळी घेणे हा पर्याय नसून अट आहे. १९१२ साली दूध सोडणाऱ्या गांधीजींनाही मोठ्या आजारानंतर १९१९ मध्ये शेळीच्या दुधाकडे वळावे लागले होते. दुसरे असे की कवठे महांकाळच्या शेतात शाळू आणि जनावर वेगळे काढता येत नाहीत. कणीस माणसाचे आणि कडबा गुरांचा, ही वाटणी इतकी पक्की आहे की १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित ज्वारीचे वाण आले तेव्हा दाणा वाढूनही आखूड ताटांमुळे अनेक शेतकऱ्यांना ते अपुरे वाटले. ज्या धान्याला आरोग्यवादी अखंड म्हणतात, त्याचे अखंडपण शेतकऱ्याच्या लेखी दाण्यापाशी संपत नाही. ते ताटापर्यंत, गोठ्यापर्यंत आणि शेणखताच्या रूपाने पुन्हा रानापर्यंत जाते.

आता म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी या तालुक्यात खेळू लागले आहे, आणि पाणी आले की रान बाजाराकडे झुकते. त्यात गैर काही नाही; २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा याच भागातील द्राक्षबागांच्या कष्टांवर उभा आहे आणि मुलांची शिक्षणे त्यावर झाली आहेत. परंतु पूर्वी घरापुरता शाळू पेरणे ही कोरड्या रानाची सक्ती होती, तर आता बागायतीच्या कडेला तो पेरणे हा निर्णय आहे. गेलेले अन्न आणि परत येणारे अन्न यांतील फरक हाच. पहिल्यात भाकरी होती, पण सोबतीची खात्री नव्हती. दुसऱ्यात ती सोबत ठरवून जमवता येते : रोज डाळ, रोज पाला, मूठभर शेंगदाणे, आणि जिथे दूध नको तिथे ब-१२. ‘घरापुरता’ या शब्दात हा सारा हिशेब आधीपासून होता, कारण घरापुरते पेरणारा माणूस बाजारभाव विचारत नाही, घरात खाणारी तोंडे किती आणि वर्षाला लागेल किती एवढेच मोजतो. आरोग्यासाठी आहार बदलू पाहणाऱ्याला, मग त्याच्याकडे रानाची पट्टी असो वा नसो, आधी हेच मोजमाप शिकावे लागते.